मांडीची बाहेरची बाजू

द्वारके,

तुझा स्टोव्ह मी घरी आणला. तुझ्या भावाला विचारलं तर तो म्हणाला, "न्या हो सुमतीताई, आम्हांला काय करायचाय." त्याने भांडी गोणीत भरली, गादी जाळायला काढली आणि वाकोल्याची खोली मालकाच्या ताब्यात देऊन तो मुलुंडला परत गेला. क्षयाच्या माणसाच्या वस्तू लोक घरात ठेवत नाहीत. त्याच्या घरी मुलं लहान आहेत, तेव्हा तो चुकला असं मी म्हणणार नाही. तू असतीस तर तूच त्याला बजावलं असतंस की भांडीसुद्धा उकळून घे. आमच्याकडे ह्यांनी विचारलं, "हा दुसरा स्टोव्ह कशाला?" मी म्हटलं, "पाणी उकळायला." इतके महिने रोज सकाळी त्याच्यावर तुझी सिरिंज आणि सुई उकळली. आता त्याच्यावर चहा करवत नाही आणि तो टाकवतही नाही. मोरीच्या बाहेर ठेवला आहे आणि येताजाता पायात येतो.

दवाखान्याच्या मंडळाने तुझ्याविषयी चार ओळी लिहून मागितल्या. भिंतीवर लावायच्या होत्या. मी लिहून दिल्या. सेवाभावी, शांत, मनमिळाऊ असं त्यांत आलं आहे. तू शांत नव्हतीस, आणि मनमिळाऊ तर मुळीच नव्हतीस. दवाखान्यात तुझ्याशी पटणारी मी एकटी, आणि मीसुद्धा भांडत भांडतच पटवून घ्यायची. त्या ओळी मंडळासाठी. हे तुझ्यासाठी. तुला ते वाचता येणार नाही एवढं मला कळतं, मी काही भोळी नाही. पण आपलं एक भांडण अर्धं राहिलं आहे, ते मी आता कुणाशी पुरं करू?

भांडण एका पायाचं. तू म्हणायचीस, तो पाय तुझ्या सुईने गेला. मी म्हणायचे, नाही गेला. तू हटली नाहीस, मीही हटले नाही. पुढचं सगळं तुला ठाऊकच आहे, पण क्रमाने मांडल्याशिवाय मला विचार करता येत नाही. तेव्हा ऐकून घे.

आपण नर्सिंग शिकलो ते चित्रांवर. चित्रात स्नायू तांबडे, नसा पिवळ्या, रक्तवाहिन्या निळ्या. परीक्षेपुरतं मला ते पुरलं. तुला पुरलं नाही. तू सोवळ्यातल्या घरातली, लसूणसुद्धा न खाणारी, आणि खारदांड्याच्या दवाखान्यात आपण दोघी लागलो त्याच वर्षी एकदा मला म्हणालीस, "सुमे, रविवारी मटण आणायला जातेस ना? मी येते बरोबर." मला वाटलं थट्टा करतेयस. तू खरंच आलीस. मटणवाल्यासमोर नाकाला पदर लावून उभी राहिलीस आणि त्याला म्हणालीस, "मागची तंगडी घ्या. तोडू नका. मांस नुसतं बाजूला करून दाखवा."

तो म्हणाला, "बाई, घ्यायचंय की बघायचंय?"

"मला बघायचंय, हिला घ्यायचंय."

त्याने सुरीने मांस फाकवलं. आत ती पांढरी, चपटी दोरी दिसली. तू पदर सोडून खाली वाकलीस. "ही बघ. माणसाची ही नस करंगळीएवढी जाड असते. कमरेवर चुकीच्या जागी सुई गेली की हिच्यात जाते, आणि मग जन्मभर पाऊल लोंबतं." मटणवाला सुरी खाली ठेवून तुझ्याकडे बघायला लागला. "बाई, तुम्ही डॉक्टर का?" "नाही हो, सुई टोचणारी." त्या रविवारी आमच्या घरी सगळे बोटं चाटत जेवले. मी वाटण वाटताना ती दोरीच बघत होते.

कमरेवर म्हणजे खरं तर कुल्ल्यावर, पण दवाखान्यात आपण सगळे कमरच म्हणायचो. त्यावरही तू चिडायचीस. "कमर म्हणता म्हणता एखादी खरंच कमरेत टोचेल." मोठ्या माणसाचं ठीक आहे, तू सांगायचीस. कुल्ल्याचे मनाने चार भाग करा, वरचा बाहेरचा भाग धरा, तिथं भरपूर मांस आहे आणि नस दूर आहे. नाहीतर दंडावर, खांद्याखाली जो त्रिकोण असतो तिथं. पण तान्ह्या बाळाला कुल्ला असतो कुठं? माणूस चालायला लागतो तेव्हा तो भरतो. तोवर तिथं चरबी, आणि चरबीखाली फार खोल नाही ती नस. दंड म्हणशील तर पडवळ. बाळ दिवसभर लाथा झाडतं, म्हणून त्याचं मांस मांडीत. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध. तिथं ना मोठी नस, ना मोठी रक्तवाहिनी. हे सांगताना तू नव्या मुलींचा हात धरून त्यांच्याच मांडीवर ठेवायचीस, परकरावरून. एकीने लाजून हात मागे घेतला तर म्हणालीस, "अगं लाजतेस काय, हाडामांसाचीच आहेस ना?"

आणि म्हातारी माणसं. आमच्या सासूबाईंना शक्तीची इंजेक्शनं चालू होती तेव्हा त्या माझ्या हातून घ्यायलाच तयार नसत. "द्वारका टोचते तेव्हा डास चावल्यासारखं वाटतं, आमची सून टोचते तेव्हा विंचू." मी घरातली, मीही नर्स, आणि तू शेवटची बस पकडून अंधेरीला यायचीस म्हातारीला टोचायला. तू त्यांच्या मांडीचं उतरलेलं मांस दोन बोटांत हलकेच गोळा करून धरायचीस, म्हणजे सुई हाडाला लागत नाही. ती चिमूट मी तुझ्याकडून शिकले. नंतर ती मला फार उपयोगी पडली. तुझ्यावरच.

मांडीचा तुझा हट्ट डॉक्टरांना पसंत नव्हता. माणूस वाईट नव्हे, पण सवयीचा गुलाम. "सिस्टर, सगळीकडे कमरेवर देतात. तुम्हीच तेवढ्या शहाण्या का?"

"सगळीकडे देतात म्हणूनच मला भीती वाटते, डॉक्टर."

"बरं. द्या मांडीत. पण जबाबदारी तुमची."

"माझीच," तू म्हणालीस. मी शेजारीच कापसाचे बोळे करत उभी होते.

मग तिहेरी लस आली. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, तिन्ही एकाच सुईत. दांड्यातल्या कोळणी पोरांना मांडीवर पालथं घालून पुढं करायच्या, कारण सुई कमरेवर मारतात हे त्यांना ठाऊक होतं. तू त्यांना म्हणालीस, "पालथं नको. बाळाला न्हाऊ घालायला बसता ना पाय पसरून, तशा बसा. बाळ उताणं घ्या, त्याला तुमचं तोंड दिसू द्या." हे त्यांना लगेच जमलं. भिंतीला टेकून ओळीने बसायच्या, पायांच्या खळग्यात बाळ. पोरांना वाटायचं आता अंघोळ. हसायची, लाथा झाडायची. तू म्हणायचीस, "झाड रे, अजून झाड, मला मांस दाखव." मग दोन दिवस तुझ्या डोक्यात त्यांचं रडणं असायचं, पण तू ते बोलून दाखवायची नाहीस.

हिराबाईची जनी अशीच हसली होती. हिराबाईचा नवरा होडीवर, ती स्वतः टोपली घेऊन खारच्या बाजारात बसायची, आणि जनी तिचं पहिलंच पोर, नुकतं रांगायला लागलेलं. पावसाळा होता. जनीला ताप नव्हता. मी स्वतः कपाळाला आणि पोटाला हात लावून पाहिलं होतं. तू उजव्या मांडीत टोचलंस, बरोबर जागी. मी शेजारी होते. माझ्या डोळ्यांदेखत बरोबर जागी टोचलंस, हे मी देवासमोरसुद्धा सांगेन.

काही दिवसांनी हिराबाई भिजत दवाखान्यात आली. तिने जनीला दोन्ही काखांत धरून आपल्यासमोर उभं धरलं. डावा पाय हलत होता. उजवा नुसता लोंबत होता. हिराबाई ओरडली नाही, तेव्हा तरी नाही. तुला म्हणाली, "बाय गो, हिचा यो पाय कुठं गेला?"

डॉक्टरांनी तपासलं. मधे तीन दिवस ताप येऊन गेला होता, ते तिने सांगितलं. लहान मुलांना होतो तो पोलिओ, ते म्हणाले, आणि मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथंही तेच सांगितलं. पण दांड्यात कोण ऐकतं? सुई उजव्या मांडीत मारली, उजवा पाय गेला. एवढं सरळ दिसत असताना तापाची गोष्ट कुणाला पटणार? हिराबाई मग रोज दवाखान्याच्या दारात येऊन तुला शिव्या देऊ लागली. टोपली खाली ठेवायची, पोटभर शिव्या द्यायची, टोपली उचलून बाजारात जायची. तू एकदाही दार लावून घेतलं नाहीस. बायका यायच्या बंद झाल्या. डॉक्टर म्हणाले, "यापुढे कमरेवरच द्या." रागावून बोलले असते तर तू भांडली असतीस. ते हळू आवाजात बोलले आणि तू मान हलवलीस. आठवडाभरात नोकरी सोडलीस.

तेव्हापासून आपलं भांडण. तू वाकोल्याच्या खोलीत लहान मुलांची झबली शिवायचीस, मी सुट्टीच्या दिवशी येऊन तुला मुद्दे सांगायची.

"मी जनीच्या तळव्याला नख लावलं होतं. कळवळून रडली. नस दुखावली असती तर तळवा बधिर झाला नसता का?"

"झाला असता."

"ती नस मागून जाते. तू टोचलंस बाहेरून."

"हो."

"आणि नसेला सुई लागली तर पाय त्याच दिवशी पडतो. मधे इतके दिवस जात नाहीत, ताप येत नाही. मग?"

तू मशीनचं चाक थांबवलंस. "हे सगळं मीच तुला शिकवलंय, सुमे. आता तू मला एक सांग. ताप सगळ्या अंगात होता ना? दोन हात, दोन पाय. मग त्याने नेमका तोच पाय कसा निवडला?"

"योगायोग."

"लग्नात पत्रिका बघत नाहीस, आणि योगायोगावर विश्वास ठेवतेस?"

 उत्तर नाही म्हणून मी मुद्दा सोडला नाही. पुढच्या वेळी पुन्हा तळव्यापासून सुरुवात. तुला आवडत होतं की नाही कुणास ठाऊक. मी मात्र मनाशी ठरवलं होतं, हिच्या डोक्यातून तो पाय काढायचाच. मला वाटायचं, डोक्यात रुतलेली गोष्टही बोटात गेलेल्या कुसळासारखी असते. नीट धरली की निघते.

खोकला तू लपवलास. नर्स असून लपवलास. "शिवणाच्या कापडाची धूळ," म्हणायचीस. रुमालावर रक्त मी पाहिलं तेव्हा तुला ओढतच छातीचा फोटो काढायला नेलं. दोन्ही बाजूंना भोकं होती. क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन सुरू झालं. रोज एक सुई, मांसात खोल. दुसरं कोण देणार? मी अंधेरीहून तासभर आधी निघायची, तुझ्याकडे स्टोव्ह पेटवायची, टोचायची आणि मग दांड्याला कामावर जायची.

पहिल्या दिवशी तू पालथी पडलीस आणि म्हणालीस, "चार भाग कर."

"येतं मला."

"तरी कर. सासूबाईंना विचारून आले आहे मी, तू विंचू आहेस."

किती दिवसांनी हसलीस! मला वाटलं, आता ही बरी होणार. मला खरंच तसं वाटलं होतं.

एक दिवस उजवीकडे, एक दिवस डावीकडे. कधी मी विसरायची. "काल उजवीकडेच दिलंस की. आजारी मी आहे की तू?" मग गाठी यायला लागल्या, त्या जागा सोडाव्या लागल्या. मग त्या औषधाने तुझे कान वाजायला लागले आणि तू भिंत धरून चालू लागलीस. मग मांसच उतरलं. कुल्ल्यावर हाड लागायला लागलं. दंडावरचा त्रिकोण नाहीसा झाला, नुसता खांदा उरला. मी तुझ्या अंगावर जागा शोधत बसायची. इतकी वर्षं हेच काम केलं, पण एवढ्या ओळखीच्या अंगावर जागा सापडू नये हे कुणी शिकवलं नव्हतं. तू म्हणालीस, "मांडीत दे. बाहेरच्या बाजूला."

"तिथं दुखेल. तिथंही मांस राहिलेलं नाही."

"दुखू दे. जनीलाही दुखलंच असेल ना."

मी चिडले. हातातली सिरिंज तशीच ताटलीत ठेवली. "ही सुई बरं व्हायला आहे. शिक्षा म्हणून घ्यायची असेल तर मी चालले."

तू उताणी होऊन माझ्याकडे बघत होतीस. "तू टोच, सुमे. मी कशासाठी घेते ते माझं मी बघेन."

मी चिमटीत मांस गोळा केलं आणि टोचलं. त्यानंतर रोज मांडीतच. एक दिवस ही, एक दिवस ती.

तू गेलीस त्या सकाळीही आपण भांडलो. तुला बोलायला दम नव्हता, तरी. "तू एवढंच कबूल कर," तू म्हणालीस, "की तुला माहीत नाही. मग मी गप्प बसेन."

मी म्हटलं, "मला माहीत आहे. तुझा काही दोष नाही."

तू भिंतीकडे तोंड केलंस. मी सिरिंज धुतली, स्टोव्ह विझवला, शेजारणीला लक्ष ठेवायला सांगितलं आणि कामावर गेले. दुपारी शेजारणीचा नवरा दवाखान्यात सांगायला आला. मी कापसाचे बोळे करत होते. हातातले संपवले आणि मग निघाले. मी अशीच आहे, तुला माहीत आहे.

आता जे तुला ठाऊक नाही ते सांगते.

तुझा तेरावा झाल्यावर मी कामावर रुजू झाले. डॉक्टरांनी मला आत बोलावलं. म्हणाले, "सिस्टर, एक सांगू? आता सांगायला हरकत नाही." परदेशातल्या डॉक्टरांच्या लक्षात असं आलं आहे म्हणे, की पोलिओची साथ असते त्या दिवसांत एखाद्या बाळाच्या अंगात तो रोग आधीच शिरलेला असतो. बाहेर काहीच दिसत नाही, तापसुद्धा नसतो. अशा बाळाला सुई टोचली तर रोग पुष्कळदा त्याच हातापायावर उतरतो. सगळ्यांच्या बाबतीत होतं असं नाही, पण होतं. म्हणून साथीच्या दिवसांत जमेल तिथं सुया पुढे ढकलाव्यात असं आता बरेच जण म्हणतात.

मी विचारलं, "कमरेवर दिली असती तर?"

"तरी बहुधा तोच पाय गेला असता. जागा त्यांनी बरोबर निवडली होती. वेळ चुकली, आणि ती वेळ चुकीची आहे हे तेव्हा आपल्याला कुणालाच माहीत नव्हतं."

"तुम्हांला हे कधी कळलं?"

"गेल्या वर्षी. त्या आजारी होत्या. सांगून त्यांना काय सुख झालं असतं?"

"तिला सुख नको होतं, डॉक्टर. उत्तर हवं होतं."

 मी बाहेर आले.

म्हणजे तू बरोबर होतीस. मांडीच्या बाबतीत बरोबर आणि पायाच्या बाबतीतही बरोबर. रोगाने तो पाय निवडला नव्हता, सुईने त्याला तो दाखवला. मी मुद्द्यामागून मुद्दा आणत राहिले आणि तू नुसत्या एका प्रश्नावर बसून राहिलीस, आणि तोच प्रश्न खरा होता. मला माहीत नव्हतं, द्वारके. घे, कबूल केलं. आता काय उपयोग?

मी हे पुनःपुन्हा उलटसुलट करून पाहिलं. डॉक्टरांनी वेळेवर सांगितलं असतं तर मी तुला सांगितलं असतं का? असतं. मग तुला बरं वाटलं असतं का? नसतं. खरं तुला जास्तच जड गेलं असतं, आणि माझ्या खोट्याने तुझं भागत नव्हतं. लोक म्हणतात, तुम्ही तिचं फार केलंत हो. काय केलं? रोज एक सुई दिली. तीही लागू पडली नाही. तुझ्या दुखण्यावर माझ्याकडे औषध नव्हतं, आणि मनातल्या त्या दुसऱ्या दुखण्यावर जगात कुणाकडेच नव्हतं. तुझ्यानंतर दवाखान्यात आलेल्या मुली सगळ्या बाळांना कमरेवर टोचतात, पालथं घालून. तू त्या नसेपासून वाचवायला गेलीस आणि तुझ्यामुळेच सुया तिच्याजवळ परत गेल्या. यात कुठं काही चांगलं झालं असेल तर मला दाखव. मला तरी सापडलं नाही.

गेल्या आठवड्यात हिराबाई आली. दोन वर्षांनी दवाखान्याची पायरी चढली. कडेवर धाकटा, चार महिन्यांचा, गुबगुबीत. मला म्हणाली, "ती तुमची बारीक बाय मेली म्हनं."

"हो."

"मी तिला लय शिव्या दिल्या."

"ऐकल्या तिनं सगळ्या."

"यायची ती. आमच्या दारात. बोंबील वाळत घालतो ना, तिथं बसायची, जनीचा पाय चोळायची, वाकवायची. मी न्हाय म्हनले न्हाय नि ये म्हनले न्हाय. मंग यायचीच बंद झाली. मी म्हनले, कटालली. समदीच कटालतात."

हे तू मला कधीच सांगितलं नाहीस.  मी तिला सांगितलं, "कंटाळली नाही. खोकला लागला होता. छातीचा खोकला घेऊन पोराजवळ जायचं नाही, म्हणून थांबली." म्हणजे खोकला कसला आहे ते तुला तेव्हाच ठाऊक होतं. जनीला तू त्यातून वाचवलंस, माझ्यापासून मात्र तो लपवलास.

हिराबाईने धाकट्याला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग म्हणाली, "जनी बांबू धरून उभी ऱ्हाते आता. चालत न्हाय, पन उभी ऱ्हाते."

ती सुईसाठी आली होती. दांड्यात डांग्या खोकला शिरला आहे. शेजारच्या घरातलं पोर खोकून खोकून निळं पडतं, आणि हिराबाई ते रोज बघते. "याला टोचायचं का न्हाय, तूच सांग बाय. मला कायबी कळत न्हाय."

मी तिला सगळं सांगितलं. साथीचं, आधीच शिरलेल्या रोगाचं, पायाचं. मधे डॉक्टर दारात येऊन थांबले होते, त्यांच्यासमोरच सांगितलं. म्हटलं, आता पाऊस नाही, साथ नाही, बाळाला ताप नाही, घरात कुणाला नाही. धोका फार थोडा आहे. पण अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. आणि डांग्या खोकल्याचा धोका तू डोळ्यांनी बघतेयस.

"तुझं पोर असतं तर?"

"टोचलं असतं."

"टोच मंग."

डॉक्टरांना म्हटलं, "मी मांडीत देणार आहे." ते म्हणाले, "द्या." बाळाची मांडी हातात घेतली. भरलेली, घट्ट, लाथ मारणारी. मी जागा धरली आणि माझा हात थांबला. इतक्या वर्षांत तो असा कधी थांबला नव्हता. हिराबाई माझ्याकडे बघत नव्हती, पोराच्या तोंडाकडे बघत होती. मग टोचलं. बाळ रडलं, तिने छातीशी घेतलं, आणि ती गेली.

तेव्हापासून कामावरून सुटले की मी घरी न जाता दांड्यात जाते. हिराबाई काही विचारत नाही. बाळ उचलून माझ्यासमोर धरते. मी आधी एका तळव्याला बोट लावते, मग दुसऱ्या. तो पाय आखडून घेतो, एक, मग दुसरा. मी मान हलवते आणि निघते. ह्यांना उशिराचं कारण काम सांगितलं आहे.  घरी आल्यावर भाकऱ्या थापताना मला वाटतं, आता या क्षणी तर नाही ना? मुद्दे सगळे माझ्या बाजूचे आहेत. पाऊस नाही, साथ नाही, ताप नाही. ते मी मनात क्रमाने म्हणते आणि त्यांचा काडीइतका आधार वाटत नाही.

इथंच होतीस ना तू, या धास्तीत, सगळा वेळ? मी रोज तुझ्या खोलीत येत होते आणि इथं एकदाही आले नाही.

आज दोन्ही पाय हलले. उद्या परत जायचं आहे.

सुमती